बोटभर उणी बाटली

“काटा दुरुस्तीला जाऊन महिना झाला. महिना! आणि आम्ही पाव किलोची बाटली छातीशी धरून दादांच्या दारात उभं राहायचं, ‘जरा वजन करून देता का हो’ म्हणून. केमिस्ट म्हणे! केमिस्ट कसला, बाटलीभिकारी.”

पिकल्या केसांचा एक माणूस बेसिनपाशी पाठमोरा उभा राहून हे सगळं नळाला सांगत होता. मागे दारात दोन बायका येऊन थांबल्यात, याचा त्याला पत्ता नव्हता.

जाऊबाईंना तो माणूस बघताक्षणी आवडला. कुरकुरणाऱ्या माणसाच्या पोटात काही राहत नाही, असा त्यांचा अनुभव होता. सकाळपासून त्या स्वतःही मनातल्या मनात तेच करत होत्या. वयानं त्या सहा वर्षांनी मोठ्या, घरात सून म्हणून आधी आलेल्या त्या, आणि पिशवी मात्र त्यांच्याच हातात. पुढे चालायची ती धाकटी जाऊ. तिला आता सगळे ‘तपासबाई’ म्हणत. तीस वर्षं कारखान्यांत आलेला माल तपासण्यात काढल्यावर ती घरी बसली होती, आणि तेव्हापासून लोक आपापली कोडी घेऊन तिच्या दाराशी येत. जाऊबाईंच्या दाराशी कोणी येत नसे. दार तसं एकच होतं, पण घंटा तिच्या नावाची वाजे.

आज सकाळी ती वाजवली होती या कारखान्याच्या मालकांच्या मुलीनं. चौतिशीची, घरातलं शेंडेफळ, सगळे तिला छोटी म्हणत. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून तिनं एका दमात सगळं सांगितलं होतं.

कारखाना लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाचा. औषध पाण्यात नीट विरघळावं म्हणून त्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल घालतात. पाण्यासारखं स्वच्छ, मधासारखं संथ आणि चवीला किंचित गोड. त्याची एक प्रत औद्योगिक, रंग आणि प्लास्टिकवाले वापरतात ती. दुसरी औषधी, कसून शुद्ध केलेली. मुलांच्या पोटात जायची ती दुसरीच. आणि त्याचा एक चुलतभाऊ आहे, इथिलीन ग्लायकॉल. तो गारवा देणाऱ्या यंत्रात, म्हणजे चिलरमध्ये घालतात. दिसायला हुबेहूब तसाच, चवीलाही गोड, आणि पोटात गेला तर विष.

“सोमवारी दुपारी नव्या पुरवठादाराचा ड्रम आला,” छोटी म्हणाली होती. “खरेदी आता माझ्याकडे, हा पुरवठादार मी निवडलेला. सगळ्यांसमोर मी दोन बाटल्या नमुना काढला, एक तपासणीला, एक राखीव. दादाच्या काट्यावर दोन्हींचं वजन करून चिठ्ठीवर लिहिलं. मी, दादा आणि केमिस्ट, तिघांनी सह्या केल्या. मंगळवारी सकाळी तपासलं, तर बाटलीत चिलरचं ग्लायकॉल! वडिलांनी, आबांनी, तिथल्या तिथे ड्रम उघडायला लावला. ड्रममधला माल मात्र अगदी शुद्ध औषधी.”

“म्हणजे बाटली म्हणते विष, आणि ड्रम म्हणतो औषध,” तपासबाई म्हणाल्या.

“हो. दादा म्हणतो, ड्रम रात्रीतून बदलला. गोदामाची किल्ली माझ्याकडे असते, आणि सोमवारी संध्याकाळी पुरवठादाराचा टेम्पो रिकामे ड्रम न्यायला परत आला होता. वाईट माल आणला आणि पकडली जाईन म्हणून मीच गुपचूप बदलून घेतला, असं त्याचं म्हणणं. उद्या दहा वाजता आबा परवाना कचेरीला माझ्याविरुद्ध पत्र देणार आहेत. ते गेलं की मला कुठलाच औषधाचा कारखाना दारात उभं करणार नाही. बाई, मी लेकरांच्या औषधात असं करीन का हो?”

आणि ती ढसढसा रडली होती. जाऊबाईंनी तिला पदर दिला. तपासबाईंनी विचारलं, “बाटलीच्या झाकणाला मोहोर होती?”

“नाही. घरचीच माणसं, मोहोर कोण लावणार?”

*

“थेंबकाका!” छोटीनं दोघींच्या मागून हाक मारली. नळाशी बोलणारा माणूस दचकून वळला.

तपासणीला तीन थेंब लागत असतील तर ते चौथा सांडत नसत, म्हणून थेंबकाका.

“तपासलं मीच, दोनदा,” ते म्हणाले. “आधी तपासणीची बाटली. मग ड्रम शुद्ध निघाल्यावर राखीवही. राखीव उघडण्याआधी दादांच्या काट्यावर ठेवली, सगळ्यांसमोर. चिठ्ठीवर द्रवाचं वजन दोनशे एकोणसाठ ग्रॅम, काट्यावरही दोनशे एकोणसाठ. म्हणजे कोणाचा हात लागलेला नाही. मग ड्रॉपरनं तीन थेंब घेतले. तेच निघालं, विष.”

“बाटल्या कुठं असतात?”

“त्या कपाटात. कुलूप नाही. सहा वाजता खोली ओढून घेतो आणि घरी जातो. कोणीही यावं, कोणीही जावं.” त्यांनी छोटीकडे तिरकं पाहिलं. “खिडकीची खोलीसुद्धा आधी मला देणार होते. सोळा वर्षं ऐकत होतो. मग ताईसाहेब शिकून आल्या, खिडकी त्यांची. आपलं काय, आपल्याला नळ आहे.”

छोटी जमिनीकडे बघू लागली. जाऊबाईंनी मनात नोंद केली, हाच तो. खिडकीपायी माणसं काय काय करतात! त्या स्वतः एका खिडकीपायी अकरा वर्षं धाकट्या जावेशी धड बोलल्या नव्हत्या.

तपासबाईंनी कपाट उघडलं. आत राखीव नमुन्यांच्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. सगळ्या एकाच मापाच्या, खांद्याशी काचेतच उठवलेली एक रेघ, आणि प्रत्येकीतला द्रव त्या रेघेला बरोब्बर टेकलेला.

“कौतुक आहे,” जाऊबाई म्हणाल्या. “दोरी धरून भरल्यासारख्या. आमच्याकडे दोन वाट्या सारख्या भरतील तर शपथ. ही एवढी एकच जरा उपाशी दिसते.”

“कोणती?”

“ही काय. बोटभर कमी आहे.”

ती सोमवारची होती. तपासबाईंनी ती उजेडाकडे धरली, बघितली, आणि काही न बोलता परत ठेवली. जाऊबाईंना राग आला. आपण काही दाखवलं की ही अशीच गप्प बसते, आणि स्वतःला काही दिसलं की ‘अस्सं!’ म्हणते.

“नमुना रेघेपर्यंतच भरता?” तपासबाईंनी छोटीला विचारलं.

“नेहमीच. थेंबकाकांची शिस्त आहे. रेघ म्हणजे अडीचशे मिलिलिटर. जरा कमी भरली तर परत पाठवतात.”

“पाठवणारच,” थेंबकाका नळाला म्हणाले.

निघताना तपासबाईंनी छोटीला बाजूला घेतलं. “खरेदी तुझ्याआधी कोण बघायचं?”

“दादा. वीस वर्षं.”

“मग त्याच्याकडून का काढली?”

“त्याला... कागदपत्रांचा कंटाळा आहे,” छोटी म्हणाली आणि पुढे चालू लागली.

मागून थेंबकाकांनी दोघींना हळूच सांगितलं, “कागदबिगद काही नाही. दादांच्या डोळ्यांचं निमित्त झालं. पण ते जाऊ द्या.”

*

दादांची वजनखोली अंगणापलीकडे होती. पन्नाशीचा, आडव्या अंगाचा, मऊ आवाजाचा माणूस. चष्मा नव्हता. भिंतीवरच्या कॅलेंडरातली बारीक अक्षरं तो बसल्या जागेवरून वाचत होता.

“द्या ती पिशवी,” तो जाऊबाईंना म्हणाला. “तिचं वजन फार आहे.” त्यानं ती घेतली, हातात जरा तोलली. “साडेतीन किलो.”

काट्यावर ठेवली. तीन किलो चारशे नव्वद.

जाऊबाई खूश. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यांच्या पिशवीचं वजन मनावर घेतलं होतं.

“डोळा फसतो, माणूस फसतो, काटा फसत नाही,” दादा म्हणाला. “राखीव बाटली मीच वजन केली काल. एक ग्रॅम इकडंतिकडं नाही. जे ड्रममध्ये होतं तेच बाटलीत होतं. मग ड्रम शुद्ध कसा झाला, ते माझ्या बहिणीला विचारा. मला वाईट वाटतं बोलताना. पण पोरांच्या पोटाचा प्रश्न आहे. तत्त्व म्हणजे तत्त्व.”

“चिलरचं ग्लायकॉल कुठं ठेवता?”

“ते काय, कोपऱ्यात कॅन. बिनरंगाचंच येतं. टाकीत ओतताना मेकॅनिक निळा रंग घालतो, गोंधळ नको म्हणून.”

“तेही तुम्हीच घ्यायचात? कसं?”

“किलोवर. औषधीही किलोवर. किलो म्हणजे किलो, बाई. एक पोटात जातं, एक जाऊ नये, एवढाच फरक.”

“आणि ही खोली?”

“सहाला बंद. किल्ली एकच.” त्यानं कमरेचा करगोटा खेचून दाखवला. “झोपतानाच सुटते. काटा नाजूक आहे, कोणी हात लावलेला मला चालत नाही.”

टेबलावरचा फोन वाजला. दादानं उचलला. “हं, बोला... नाही हो, आता मी बघत नाही. बहिणीला विचारा... हो, हो, माहितीये वीस वर्षं झाली... तिलाच विचारा.” फोन ठेवला तेव्हा त्याचे कान लालबुंद झाले होते.

“खरेदी का सोडलीत?” तपासबाईंनी विचारलं.

“मीच म्हटलं, नव्या लोकांना करू द्या.” तो काटा फडक्यानं पुसू लागला. काटा आधीच चकचकीत होता.

*

आबा, म्हणजे मालक, अठ्ठ्याहत्तरचे. पाठ अजून ताठ. खोलीत दोन खुर्च्या असून त्यांनी बायकांना बसा म्हणायला वेळ घेतला.

“मुलीवर जीव आहे माझा,” ते म्हणाले. “म्हणूनच पत्र मी स्वतः लिहिणार. नाहीतर लोक म्हणतील पोटची म्हणून झाकली.”

“दादांकडून खरेदी का काढलीत?”

“वेळ आली की माणसं बदलावी लागतात.” मग जरा थांबून ते हसले. “तुम्हाला गंमत सांगतो. हा कारखाना मी उभा केला, भांडी स्वतः घासली आहेत इथली. आणि गेल्या वीस वर्षांत फाटकातून जो येईल तो विचारायचा, ‘दादा कुठंयत?’ पुरवठादार, कामगार, मेकॅनिक. एकदा एक विक्रेता मलाच म्हणाला, ‘आजोबा, दादांना निरोप द्याल का?’ आजोबा! हा हा.”

हसताना त्यांच्या बोटांनी टेबलाची कडा इतकी घट्ट धरली होती की नखं पांढरी पडली.

अंगणात आल्यावर जाऊबाई म्हणाल्या, “थेंबकाकाच. खिडकीचा राग. शिवाय तपासणारा तोच, कपाट त्याचंच.”

“जाऊबाई, एकाच प्रश्नाला चार माणसांनी चार उत्तरं दिली.”

“माणसं चार असली की उत्तरं चार असायचीच. आपल्या घरात मीठ का संपलं विचारलं तर सहा मिळतील.”

“हो. आणि मीठ खरं कोणी संपवलं ते सातवं.” तपासबाई थबकल्या. “सगळ्यांना थेंबकाकांच्या खोलीत बोलवू या. आणि दादांना म्हणावं, काटा घेऊन या.”

*

दादानं तान्हं मूल आणावं तसा काटा आणला आणि थेंबकाकांच्या टेबलावर ठेवला. आबांना खुर्ची दिली. छोटी दाराशी उभी राहिली, वेळ पडली तर पळता यावं अशी.

तपासबाईंनी मापाचे दोन सारखे पेले मागितले. एकात ड्रममधलं औषधी ग्लायकॉल, दुसऱ्यात चिलरच्या कॅनमधलं. दोन्ही शंभराच्या खुणेपर्यंत.

“दिसायला जुळे,” त्या म्हणाल्या. “आता वजन करा, दादा.”

पेल्याचं वजन सोडून औषधी भरलं एकशे चार ग्रॅम. चिलरचं भरलं एकशे अकरा.

दादानं काट्याकडे असं पाहिलं, जसं घरचं कुत्रं एकाएकी चावलं असावं.

“भांडं तेवढंच, पण चिलरचं ग्लायकॉल जड,” तपासबाई म्हणाल्या. “थेंबकाकांना हे माहीत आहे.”

“माहीत आहे,” थेंबकाका म्हणाले. मग त्यांचा जबडा खाली आला. “अरे देवा. वजन जुळलं म्हणून मी समाधान मानलं. रेघ बघितलीच नाही!”

“मी पण बघितली नव्हती. माझ्या जाऊबाईंनी बघितली.” तपासबाईंनी राखीव बाटली टेबलावर ठेवली. “बोटभर कमी, त्या म्हणाल्या. तीन थेंब काढून बोटभर कमी होत नाही. आता बघा. सोमवारी तिघांसमोर बाटली रेघेपर्यंत भरली, अडीचशे मिलिलिटर. ते विष असतं, तर वजन भरलं असतं पावणेतीनशेच्या वर. चिठ्ठीवर लिहिलंय दोनशे एकोणसाठ. अडीचशे मिलिलिटर औषधी ग्लायकॉलचं वजन नेमकं तेवढंच. म्हणजे सोमवारी बाटलीत औषधच होतं. ड्रमही पहिल्यापासून शुद्धच. पोरीनं काही बदललं नाही.”

छोटीनं दाराची चौकट धरली.

“सोमवारी संध्याकाळी कोणीतरी दोन्ही बाटल्या ओतून दिल्या, आणि त्यात चिलरचं भरलं. रेघ पाहून नाही. चिठ्ठीवरचं वजन येईपर्यंत, ग्रॅमला ग्रॅम. वजन जुळलं की कोणी शंका घेणार नाही, असं त्या माणसाला वाटलं. आणि वजन जुळायचं तर द्रव कमी पडणारच, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.”

“मी नाही,” थेंबकाका पटकन म्हणाले.

“तुम्ही नाहीच. तुम्ही रेघेची माणसं. तुम्ही आधी रेघ गाठली असतीत. शिवाय तपासणी तुमचीच. तुम्हाला बाटली कशाला बदलायला हवी? कागदावर ‘विष’ लिहिलं की काम झालं. आणि ग्रॅमचा काटा तुमच्याकडे महिनाभर नाही. सध्या कारखान्यात असा काटा एकच. एका खोलीत, एका किल्लीत.”

कोणी दादाकडे बघितलं नाही. सगळे काट्याकडे बघत होते.

“किलो म्हणजे किलो,” तपासबाई अगदी हळू म्हणाल्या. “वीस वर्षं वजनावर घेतलंत, दादा. तुमच्या लेखी भांडं कधी नव्हतंच.”

दादा बसला. खुर्ची नव्हती, खोक्यावर बसला.

“मी कोणाच्या औषधात काही घातलं नाही,” तो म्हणाला. “आईशप्पथ. मला माहीत होतं थेंबकाका पकडणार. ते तीन थेंबांत पकडतात. माल परत जाईल, एवढंच. नवा पुरवठादार जाईल. मग ड्रम शुद्ध निघाला, आणि मी... मला तोंडातून निघून गेलं, ड्रम बदलला म्हणून. एकदा बोललो, मग ते तत्त्वच झालं.”

“माझं नाव गेलं असतं, दादा,” छोटी म्हणाली. “उद्या दहा वाजता.”

“हं.”

“पाळण्यात असल्यापासून तू मला खांद्यावर घेऊन फिरलायस इथं. ड्रमवर टकटक करून सांगायचास, हा भरलेला, हा अर्धा.”

“म्हणून तर!” दादाचा मऊ आवाज फाटला. “मीच शिकवलं तुला! आणि मलाच रोज फोनवर सांगायचं, बहिणीला विचारा. दुकानदारसुद्धा हसतात. काय चुकलं माझं, ते तरी सांगा. वीस वर्षांत एक ड्रम वाईट आणला असेन तर दाखवा.”

थेंबकाका नळाकडे वळले, पण त्यांनी नळ सोडला नाही.

जाऊबाई बघत होत्या. इतका वेळ त्यांना वाटत होतं की दादाचा राग येईल. राग आला नाही. शेजारी त्यांची धाकटी जाऊ उभी होती, भर सभेत त्यांचं नाव घेऊन मोकळी झालेली, आणि जाऊबाईंना एकाएकी कळेना की इतकी वर्षं आपण हिच्याकडून काय मागत होतो. त्यांनी पिशवी तिच्या हातात दिली. तिनं ती मुकाट्यानं घेतली.

“दादांनी जे केलं ते मी सांगितलं,” तपासबाई म्हणाल्या. “पण त्यांची खरेदी का काढली, याला चौघांनी चार उत्तरं दिली. कोणी म्हणालं कागदपत्रं, कोणी डोळे, कोणी नवी पिढी, कोणी वेळ. डोळे तर त्यांचे माझ्याहून बरे आहेत. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते काढणं माझं कामही नाही.”

“मला पाहिजे ते उत्तर,” छोटी म्हणाली. ती दारातून आत आली होती. “ती खुर्ची मी मागितली नव्हती. आबा, दादाची खरेदी का काढली होती?”

“आता तो विषय...” आबा उठू लागले.

“आबा.”

आबा पुन्हा बसले. अठ्ठ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा त्यांची पाठ खुर्चीला टेकली असावी. ते खोक्यावर बसलेल्या मुलाकडे बघत राहिले, बराच वेळ, जणू त्याच्या अंगावर कुठे वजन लिहिलेलं आहे आणि ते वाचता येत नाही.

“पत्र मी देणार नाही,” ते म्हणाले.

“ते कळलं,” छोटी म्हणाली. “मी दुसरं विचारलं.”

“त्याचं काही चुकलं नव्हतं. एक ड्रम नाही, एक थेंब नाही.” आबांनी टेबलावरचा काटा बोटानं जरा बाजूला सारला. “सगळे त्यालाच विचारायचे. माझ्यासमोरून, माझ्या अंगणातून, त्याच्याकडे जायचे. चांगलं करायचा ना तो. माझ्यापेक्षा चांगलं. बाप आहे मी, मला आनंद व्हायला हवा होता.”

दादानं मान वर केली.

“मला तुझा हेवा वाटायचा, पोरा.”